चार बोटं खाली

१

पडताना तिनं काय धरलं होतं?

हा एकच प्रश्न बारक्याने पाच जणांना विचारला. डॉक्टर म्हणाले, या औषधांनी रक्तदाब उतरतो, माणूस झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. नर्स म्हणाली, फरशी कोरडी होती, तसं लिहून ठेवलंय. कारकुनाने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. फाटकावरच्या वॉचमनने पाणी दिलं. पाचव्याची त्याने सरळ कॉलरच धरली. तो बहुधा लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस होता. तो बिचारा ‘मी नाही, मी नाही’ एवढंच म्हणत राहिला.

कोणी खोटं बोललं नाही. पण विचारलं होतं ते कोणी सांगितलंही नाही.

ताईच्या उजव्या हाताच्या नखांत हिरवा रंग होता. बायकांच्या वॉर्डाच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत तसलाच हिरवा ऑइलपेंट होता. म्हणजे ती भिंत धरायला गेली होती. भिंत कुठे धरता येते?

ती पडून गेली, त्याच्या आदल्या रविवारी त्याला म्हणाली होती, "बारक्या, मला घरी ने. मी आता बरी आहे." तो म्हणाला होता, "पुढच्या रविवारी नेतो, नक्की." त्या वेळी घाई होती. कसली घाई होती, ते आता त्याला डोकं फोडून घेतलं तरी आठवत नव्हतं.

आईबाप लहानपणीच गेलेले. वाढवलं ते ताईनेच. सातवीत त्याने शाळेला रामराम ठोकला तेव्हा तिने एक कानाखाली वाजवली आणि दुसऱ्या दिवशी त्याला वेल्डिंगच्या दुकानात नेऊन उभं केलं. आता खोलीत तो एकटाच. सवयीने दोन कप चहा टाकायचा, दोन्ही कप भरायचा आणि एकापाठोपाठ एक स्वतःच प्यायचा. दुसरा कप नेहमी गार झालेला असायचा.

२

दोन महिन्यांनी त्याच्या कानावर आलं, की त्या वॉर्डात भिंतीला कठडे बसवायचं काम निघालंय. सहा महिन्यांत चौघीजणी पडल्या, म्हणून वरून पत्र आलं होतं. काम कोणत्या मुकादमाला मिळालंय ते त्याने शोधून काढलं, त्याच दिवशी आपल्या दुकानातून हिशेब न मागता उठला आणि संध्याकाळी त्या मुकादमाच्या दारात हजर झाला.

"वेल्डिंग येतं?" मुकादमाने विचारलं.

"येतं."

"नकाशा वाचता येतो?"

"तुम्ही वाचा, मी लावतो."

मुकादम हसला. "निदान खरं तरी बोललास. एक ऐक, तो वेड्यांचा वॉर्ड आहे. घाबरायचं नाही."

"आजारी बायकांचा," बारक्या म्हणाला.

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण बारक्याने जीभ आवरली. अख्ख्या जन्मात पहिल्यांदाच आवरली असेल.

काम सोपं होतं. जाड पाइप, भिंतीला लागून, न्हाणीघरापासून थेट पुढे. पाइप आणि भिंत यांच्यात फट ठेवायची नाही, खालून पट्टी लावून बुजवायची, म्हणजे कोणी फास बांधायला नको. कठडा दाराच्या सहा फूट आधी संपवायचा, कारण लोखंडी दार आत उघडतं. उंची चौतीस इंच. दर वेळी टेप काढायला नको म्हणून फिटर लोक आधी तेवढ्या उंचीची एक काठी कापून घेतात, ती जमिनीवर उभी धरतात आणि भिंतीवर खूण करत जातात. मुकादमाने आकडा सांगितला आणि तो चहाला गेला.

बारक्या काठी घेऊन बसला. करवत लावली. आणि त्याला भेटीची वेळ आठवली. दोन ते चार. त्या वेळात ताई त्याचा हात धरून याच वॉर्डात चालायची. औषधांनी तिचे पाय जड झालेले, चाल घसटत. ती हात वर उचलायची नाही, तिचा हात खालीच असायचा आणि त्यालाच खांदा पाडून, कोपर वाकवून आपला हात तिथे न्यावा लागायचा. तो उठून उभा राहिला, तसाच खांदा पाडला आणि हात आला तिथे काठीवर खूण केली.

चौतीसपेक्षा चार बोटं खाली आली.

त्याने तिथेच कापली.

३

काम आठवडाभर चाललं. वॉर्डाची इन्चार्ज बाई कडक होती. डोळ्यांत तेल घालून सगळीकडे बघायची. ज्या बायकांना पडायचा धोका, त्यांच्या मनगटाला पिवळी पट्टी. त्यांचे पलंग बुटके, पायजमे घोट्याच्या वर शिवलेले, मोज्यांच्या तळव्यांना रबराचे ठिपके. कोणालाही झोपेतून सरळ उभं राहू द्यायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, वीसपर्यंत मोजायचं आणि मगच उठायचं. दिवसभर वॉर्डात कुठे ना कुठे कोणीतरी मोजत असायचं. अकरा, बारा, तेरा. कोणी मध्येच विसरायचं, मग पुन्हा एकपासून.

झाडपूस करणारी मावशी म्हणायची, "इथं सगळ्यांचं गणित पक्कं. वीसच्या पुढं मात्र बोंब."

"पुढचं मला येतं," एक म्हातारी पलंगावरून म्हणायची. ती पूर्वी शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. "पण विचारतंय कोण?"

ताईचा पलंग खिडकीपासून तिसरा होता. त्यावर आता एक जाडसर मुलगी असायची. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बारक्याने एकदाच तिकडे पाहिलं. मग काम संपेपर्यंत त्या बाजूला पाठ करून उभा राहिला.

कठडा पुरा झाला त्या दिवशी इन्चार्ज बाईने स्वतः एकेकीला उठवून चालायला लावलं. बायका पाइपावर हात ठेवून हळूहळू निघाल्या. थोड्या वाकून चालत होत्या, पण चालत होत्या. बारक्या भिंतीला टेकून बघत राहिला. दोन महिन्यांपूर्वी हा पाइप इथे असता तर, एवढंच त्याच्या मनात येत होतं, आणि ते पुरं होत नव्हतं.

मुकादमाने त्याला ठेवून घेतलं. शनिवारी तपासणीला साहेब येणार होता. तोवर रंग, घासकाम, किरकोळ दुरुस्ती.

४

सोमवारी त्याला ते दिसलं.

न्हाणीघराकडून एक बाई कठडा धरून येत होती. मध्ये एका जागी तिने हात उचलला, अर्धं पाऊल बाजूला झाली, मग पुढे जाऊन पुन्हा पाइप धरला. बारक्याला वाटलं, तिथे वेल्डिंगचा काटा राहिला असणार. त्याने पॉलिश पेपर आणला, ती जागा घासली, उलट्या हाताने चाचपून पाहिली. लोण्यासारखी गुळगुळीत. फक्त पाइप थोडा कोमट लागला. घासल्याने तापला, त्याने मनाशी म्हटलं.

दुसरी बाई आली. तिनेही तिथेच हात उचलला.

तिसरी आली. ती तर कोणाशी बोलत नव्हती, कोणाकडे बघत नव्हती, चालताना डोळे जवळजवळ मिटलेले. तिनेही.

शेवटी मास्तरीणबाई आल्या तेव्हा तो पुढे झाला. "बाई, इथं काही टोचतं का?"

"नाही बुवा."

"मग हात का काढलात?"

मास्तरीणबाईंनी त्याला वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. "समोर कोणी धरून उभं असलं तर आपण जरा बाजूनं जावं. घरी शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं," बारक्या म्हणाला.

"मग?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. हिरवा पेंट, पाइप, पाइपाची सावली. दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून थेट त्या जागेवर पडलं होतं. तिथे काही नव्हतं. आजारी माणसं एकमेकांचं बघून करतात, त्याने स्वतःला समजावलं. एकीने केलं की दुसरी करते. मेंढरं नाही का करत.

पण डोळे मिटून चालणाऱ्या बाईने कोणाचं बघितलं?

५

मंगळवारी ती जागा दोन हात पुढे सरकली होती. बुधवारी आणखी पुढे. न्हाणीघराच्या बाजूने दाराच्या बाजूला. अगदी सावकाश, जड पायांनी माणसाने चालावं तशी.

बारक्याला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटला तो आनंद. इतका, की त्याचीच त्याला लाज वाटली. संध्याकाळी पाळी संपल्यावर तो मुद्दाम मागे रेंगाळला, त्या जागेपाशी गेला आणि पाइपावर तिच्या शेजारी आपला हात ठेवला. तिच्या म्हणजे कोणाच्या, हे त्याने मनातसुद्धा स्पष्ट म्हटलं नाही. पाइप कोमट होता. बाकी सगळा गार, आणि तेवढी एक वीत कोमट.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सावकाश. घाई नाही."

त्या रात्री त्याने खोलीवर दोन कप चहा केला आणि दुसऱ्याला हात लावला नाही.

गुरुवारी बायका दोन ठिकाणी हात उचलत होत्या.

त्याने आधी मानलंच नाही. पहिली जागा दाराजवळ पोचली होती, कठडा संपतो तिथे. ती आता पुढे सरकत नव्हती. दुसरी तिच्या मागे, हातभर अंतरावर. दुपारपर्यंत तिसरी. ताई एकटीच तर होती. एकटीच असायला हवी होती. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइपावर तळवा फिरवत गेला. गार, गार, गार, कोमट. गार, कोमट. पुन्हा कोमट. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी आणखी एक जागा होती, आणि ती नुकतीच ऊब धरू लागली होती.

त्याने हात विजारीला पुसला. का पुसला ते त्याला कळलं नाही.

त्याच दिवशी साडेतीनला मास्तरीणबाई पडल्या. दाराकडे जाताना त्यांनी हात उचलला, लगेच पुन्हा उचलला, तिसऱ्यांदा उचलला आणि पाइपाशी परत आणायला त्यांना उशीर झाला. मनगट मोडलं. ओरडल्या नाहीत. फरशीवर पडल्या पडल्या मोठ्याने एकवीस, बावीस, तेवीस मोजत राहिल्या.

६

इन्चार्ज बाईने टेप आणून उंची मोजली. मग मुकादमाला फोन केला. मुकादम धावत आला आणि त्याने बारक्याची भर वॉर्डात बिनपाण्याने केली.

"एकतीस? चौतीस सांगितलं होतं ना? माणसांसाठी लावलास का कुत्र्यांसाठी?"

बारक्या मान खाली घालून उभा.

"उद्या सगळा उचलून चौतीसवर लाव. परवा साहेब येतोय. नाहीतर तुझी हजामत होईलच, माझीही होईल."

मुकादम गेल्यावर इन्चार्ज बाई तिथेच थांबली. टेप गुंडाळत म्हणाली, "तिसऱ्या पलंगावरचीचा भाऊ ना तू? पहिल्या दिवशीच ओळखलं मी. नाक तेच."

बारक्याने नाकावरून हात फिरवला.

"तुला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. मी औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते. आवाज ऐकला. वळले तोवर झालं होतं." तिने टेप खिशात टाकला. "या बुटक्या कठड्यानं आज एक पडली. उद्या दुसरी पडेल. तू हा तिच्या मापानं लावलास, हो की नाही?"

"हो."

"ती गेली रे. या आहेत."

हे त्याला पटत होतं, तेच वाईट होतं. कठडा वर नेला नाही तर उद्या आणखी कोणाच्या तरी भावाला बोलावून घेतील आणि सही कुठे करायची ते दाखवतील. कठडा वर नेला तर ताईचा हात पुन्हा नुसत्या भिंतीवर.

जाता जाता तो मास्तरीणबाईंच्या पलंगापाशी थांबला. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक.

"बाई, तिथं कोण कोण आहे?"

"नावं मला कशी ठाऊक? मी हजेरी घेत नाही आता."

"तरी पण."

"रांग आहे," त्या कंटाळून म्हणाल्या. "पुढची थांबली म्हणून मागच्या थांबल्यात. पाइप तिथं संपतो ना. पुढे धरायला काही नाही, मग ती पाऊल टाकेल कशी? एकदा पडलेलं माणूस पुन्हा मोकळ्या हातानं चालत नाही. तू चालशील?"

७

शुक्रवारी जेवणानंतर वॉर्ड झोपला तेव्हा त्याने काम सुरू केलं. न्हाणीघराच्या टोकापासून. स्क्रू काढायचे, पाइपाचा तुकडा खाली घ्यायचा, चौतीसवर नवी भोकं, पुन्हा चढवायचा. मुकादमाने स्वतः काठी कापून दिली होती. एकेक तुकडा वर जात होता आणि वर गेलेला प्रत्येक तुकडा गार पडत होता. अंगणातलं पाणी खराट्याने ढकलत न्यावं, तसं आपण कोणाला तरी दाराकडे ढकलत नेतोय, असं त्याला वाटत राहिलं. मागे वळून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तीनदा वळून पाहिलं. लांबलचक वॉर्डातली रिकामी वाट, बुटके पलंग, पांघरुणाखाली उंचवटे.

शेवटचा तुकडा राहिला. दाराजवळचा, आठ फुटी.

त्याने सहा स्क्रू काढले. पाइप खाली आला नाही.

रंगाने चिकटला असेल. त्याने पाना लावून हलवला. हलला. म्हणजे चिकटलेला नव्हता. पण सोडला की तिथेच राहत होता. भिंतीला नुसता टेकलेला, खाली आधार नाही, वर आधार नाही. त्याने कान लावला. लोखंडातून बारीक थरथर येत होती, भरलेली बस उभी असताना दांडीतून येते तशी.

बारक्या मागे सरकला. पळून जावं असं वाटलं. त्याच्या जागी शहाणा माणूस पळालाच असता. मुकादम म्हणाला असता, पाइप जड आहे, तुझी बोटं बधिर झालीत, चहा पी. खरंही असेल. त्याने पुन्हा पाइपाकडे पाहिलं. मग उठून इन्चार्ज बाईच्या टेबलापाशी गेला.

"दार उघडायला लागेल. पाइप बाहेर काढायचाय."

"आत नाही लावता येणार?"

"कापायला लागणार. आत ठिणग्या नकोत."

तिने किल्ली घेतली. दार आत ओढून उघडलं आणि ती पलंगांकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे कोणी उठलीच तर दिसेल. "पटकन आटप. पाच मिनिटं."

बाहेर उतार होता, ऊन होतं, मावशी बादली घेऊन वर येत होती. पाइपाचं टोक आणि दाराची चौकट यांच्यात सहा फूट. धरायला काही नाही.

बारक्या त्या सहा फुटांत जाऊन उभा राहिला. एका पायाने दार अडवलं. खांदा पाडला, कोपर वाकवलं, आणि उजवा हात पाइपाच्या टोकाशी नेऊन आडवा धरला. चौतीसपेक्षा चार बोटं खाली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. आपण किती येड्यासारखे दिसत असू, असं त्याच्या मनात आलं. मग शर्टाची बाही मनगटापाशी दबली.

वजन फार नव्हतं. चार बोटं वरून, अंगठा खालून. पकड घट्ट होत गेली, कोपरापर्यंत सरकली, दंडापर्यंत आली आणि सुटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सावकाश," तो पुटपुटला. बाहेर मावशी बादली घेऊन उगाचच भिंतीला लागून उभी राहिली आणि मग पुन्हा चालू लागली. दोन पावलं टाकून पुन्हा बाजूला झाली. आपण का थांबतोय, हे तिचं तिलाच कळत नसावं.

कारण त्याच्या मनगटावर दुसरा हात आला होता.

हा जड होता, म्हाताऱ्या बाईचा असावा. की ताईचाच होता, औषधांनी जड झालेला? त्यानंतरचा थरथरत होता. ताईचे हात थरथरायचे. त्यानंतरचा लवकर सोडेना, त्याच्या दंडाला धरून उंबऱ्यावर नुसता थांबून राहिला, आणि हीच, हीच ती, असं त्याला वाटलं. पण मागून आलेलीनेही तसंच केलं. हे हात त्याला ओळखता यायला हवे होते. वीस वर्षं धरलेला हात. पण पडायच्या भीतीने धरलेले हात सगळे सारखेच असतात, हे त्याला आत्ता, इथे, खांद्यातून कळा येत असताना कळत होतं. चौघीच पडल्या होत्या ना? पाचवी होऊन गेली. सहावीही. इमारत किती जुनी आहे, हे त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

त्याने एकदा मान वळवून पाइपाकडे पाहिलं. वरचा ताजा रंग जागोजागी दाबल्यासारखा खोलगट होत होता, आणि ते खोलगट ठसे एकामागून एक त्याच्या दिशेने येत होते, वॉर्डाच्या पार त्या टोकापासून, जिथे कठडा केव्हाच वर चढवून झाला होता.

त्याने पुन्हा बाहेर उन्हाकडे तोंड केलं.

"झालं का?" इन्चार्ज बाई पाठमोरीच म्हणाली. "दार लावायचंय."

"अजून नाही."

"कोणाची वाट बघतोस?"

यातली ताई कोणती, ती गेली की अजून मागे आहे, हे त्याला सांगता येत नव्हतं. हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटं पांढरी पडली होती. त्याने डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार दिला आणि पुढचीसाठी हात तसाच धरून ठेवला.